पाणी वाढलं, पण आमच्या शेळ्या गेल्या: हे प्रबंधात मांडायचं कसं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई समाजशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: "प्रबंधासाठी मी माझंच गाव घेतलंय. सात-आठ वर्षांपूर्वी तिथे पाणलोटाचं काम झालं, विहिरींना पाणी वाढलं, गावाला बक्षीसही मिळालं. पण डोंगरावर चराईबंदी झाली आणि आमच्या घरच्या शेळ्या विकाव्या लागल्या. आम्हाला जमीन नाही. मी विषय घेतला 'सामाजिक न्याय आणि शाश्वत विकास'. मार्गदर्शक म्हणतात, हे दोन वेगळे विषय आहेत, एक निवड. शिवाय तू त्याच गावची, त्यातून भूमिहीन घरातली, म्हणजे संशोधन एकतर्फी होणार. मी काय करू?"

ताई, मी गेली चोवीस-पंचवीस वर्षं नगर, बीड, जालना या पट्ट्यातल्या पाणलोटाच्या गावांत अभ्यासासाठी फिरते आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच मुलामुलींचे प्रबंधही वाचले, तपासले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मार्गदर्शकांचं एक म्हणणं बरोबर आहे. विषय ज्या शब्दांत मांडलाय, त्या शब्दांत तो एम.ए.च्या प्रबंधात मावणार नाही. पण दोनपैकी एक निवडा हा त्यावरचा उपाय नाही. विषय लहान करायचा तर जागा लहान करा, काळ लहान करा. तुमच्या घरच्या शेळ्या विकल्या गेल्या त्या दिवशी हे दोन्ही विषय तुमच्या अंगणात एकत्रच उभे होते. डोंगर हिरवा राहावा म्हणून तुमची शेळी गेली. मग प्रश्न असा की डोंगर हिरवा झाल्यावर जे पाणी आलं ते कुणाच्या विहिरीत गेलं, आणि तुमच्या शेळीची भरपाई कुणी, कशाने केली? हा एकच प्रश्न आहे. तो नीट विचारलात तर प्रबंध उभा राहील.

'शाश्वत विकास' या शब्दाबद्दल आधी थोडं, कारण तोंडी परीक्षेत यावर तुम्हाला अडवतील. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने केलेली व्याख्या सगळ्यांना पाठ असते: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. तिच्या लगेच पुढे आयोगाने असंही म्हटलं होतं की गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सर्वांत वरचं स्थान द्यायला हवं. पाठ्यपुस्तकांत व्याख्येचं पहिलं वाक्य उतरवलं जातं आणि हे दुसरं गळतं. पुढच्या पिढीच्या न्यायाबद्दल सगळे बोलतात, शेजारच्या वस्तीतल्या आजच्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही. मार्गदर्शकांना तेवढा उतारा दाखवा. दोन विषय वेगळे आहेत हा मुद्दा तिथेच सुटेल.

आता गावाकडे येऊ. पाणलोटाचं काम 'माथा ते पायथा' करायचं, हे तुम्हाला माहीत आहेच. वर डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले लांब खड्डे, मग दगडी बांध, खाली नालाबांध, सिमेंट बंधारा, पाझर तलाव. शास्त्र म्हणून ते योग्यच आहे. वरचं पाणी आणि माती अडली नाही तर खालचं धरण दोन पावसाळ्यांत गाळाने भरतं. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने याच उतारावर दुसरा नकाशा ठेवून पाहायचा असतो. माथ्यावर काय असतं? गायरान, वनखात्याची जमीन, पडीक माळ. त्यावर जगतं कोण? ज्याला स्वतःची जमीन नाही तो, शेळ्यामेंढ्यावाला, सरपण गोळा करणारी बाई. आणि पायथ्याला काय असतं? काळी जमीन, विहिरी, जुन्या वतनदार घरांची शेती. म्हणजे बंदी माथ्यावर येते आणि पाणी पायथ्याला निघतं. हे कुणी कारस्थान करून घडवत नाही, पाणी उताराने वाहतं एवढंच. पण उतारावर कोण कुठे राहतं हे पाण्याने ठरवलेलं नाही, ते जातीने आणि जमीनधारणेने ठरवलेलं आहे. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण या दोन नकाशांचं असू द्या.

मी जालना भागातल्या एका गावात कामाला सुरुवात केली तेव्हा गावाचं नाव झालेलं होतं, पाहायला लोक येत होते. मला तीन दिवस विहिरी दाखवल्या, फळबागा दाखवल्या. चौथ्या दिवशी वरच्या वस्तीवर गेले. एक बाई दारात बसून तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. मी विचारलं, पाणलोटानंतर गावात काय फरक पडला? ती म्हणाली, "पाणी वाढलं की. विहिरीत वाढलं. माझी विहीर कुठंय?" आणि पुन्हा झाडू बांधायला लागली. तिच्या घरामागे दावण होती, रिकामी. खुंट्यांना अजून दोऱ्या तशाच होत्या. मी खुंट्या मोजल्या, नऊ होत्या. गावाच्या अहवालात 'जनावरांच्या संख्येत बदल' या शीर्षकाखाली लिहिलं होतं की अनुत्पादक जनावरं कमी होऊन दुभती जनावरं वाढली. त्या नऊ खुंट्या त्या वाक्यातल्या 'अनुत्पादक'मध्ये मोजल्या होत्या.

अनुत्पादक कशावरून? आपल्या मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी साधारण दोन वर्षांत तीनदा विते, बऱ्याचदा जुळी देते. पोराची फी, दवाखाना, लग्नातला आहेर, काहीही निघालं की एक करडू बाजारात जातं. बँकेत पत नसलेल्या बाईची ती पत असते. बहुतेक घरांत शेळी बाईच्या ताब्यात असते, म्हणून शेळी गेली की घरातला बाईच्या हातातला पैसा जातो. पुरुषांनाच विचारत राहिलात तर हे तुम्हाला कळणारच नाही.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहा. मोकाट चराईने कोवळी रोपं जातात, चरांचे काठ तुटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बंदी घातलेल्या डोंगरावर दोन-तीन पावसाळ्यांत गवत उभं राहतं हेही खरं. तेव्हा 'चराईबंदी वाईट' हा तुमचा निष्कर्ष नसावा. बंदीचे नियम कसे केले हे पाहा. बहुतेक गावांत नियम असा असतो: जनावर डोंगरावर न्यायचं नाही, गवत कापून घरी न्यायचं. वरवर पाहता नियम सगळ्यांना सारखा. पण शेळी मुख्यतः पाला खाते, झुडपाचे शेंडे खाते. कापलेल्या गवतावर गाय-म्हैस जगते, आणि गाय-म्हैस ठेवायला पाणी लागतं, वैरणीला जमीन लागते. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या नियमाने डोंगराची वैरण शेळीवाल्याकडून गायवाल्याकडे गेली. काही गावांनी याला पर्याय काढला, डोंगराचे भाग पाडून आळीपाळीने बंद ठेवले आणि एक भाग शेळ्यांना मोकळा ठेवला. तुमच्या गावात असा पर्याय कुणी सुचवला होता का, सुचवला असेल तर कुणी फेटाळला, याचा शोध घ्या.

हा शोध घ्यायची जागा म्हणजे ग्रामपंचायतीचं इतिवृत्ताचं रजिस्टर. चराईबंदीचा ठराव शोधा आणि सगळ्यात आधी तारीख बघा. आपल्याकडे ग्रामसभा ठरलेल्या दिवशी होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मी एका गावात ठराव काढला तर तारीख २६ जानेवारी. खाली सह्या, अंगठे, 'सर्वानुमते मंजूर'. आता जानेवारीत बीड-नगरच्या गावांत कोण नसतं? ऊसतोडीला गेलेली जोडपी नसतात, ती कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात असतात, कुणी कर्नाटकात. मेंढ्या घेऊन बाहेर पडलेले धनगर नसतात. म्हणजे ज्यांच्या जनावरांवर बंदी आली ती माणसं सभेच्या दिवशी गावातच नव्हती. 'सर्वानुमते' हा शब्द खोटा नव्हता, हजर असलेल्या सर्वांचं मत होतंच. त्या एका तारखेने मला महिनाभराच्या मुलाखतींपेक्षा जास्त शिकवलं. तुमच्या गावात तारीख दुसरी असू शकते, ऑक्टोबरची असली तर माझा तर्क तिथे लागू होणार नाही. पण बघाच. रजिस्टर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) साधेपणाने मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तुमच्या हातात आहेच, पण तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे, म्हणून तो शेवटी.

सिद्धांताचं प्रकरण कशावर बांधायचं हा पुढचा प्रश्न येईल. मला अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांची मांडणी आपल्या गावांना चांगली लागू पडते असं वाटतं. त्या न्यायाचे तीन धागे मानतात: वाटप, मान्यता आणि प्रतिनिधित्व. पाणी कुणाला मिळालं हा वाटपाचा प्रश्न. मेंढपाळाला डोंगरातला कुठला ओघळ कधी वाहतो हे तोंडपाठ असतं, पण आराखडा करताना त्याला कुणी विचारलं नाही, हा मान्यतेचा प्रश्न. आणि २६ जानेवारीची ती सभा हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न. तीनही धागे तुमच्या गावात हाताने चाचपून दाखवता येतील, म्हणून हा सिद्धांत घ्या. भारी वाटतो म्हणून कुठलाच घेऊ नका. सामाईक साधनांबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम वाचा. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर. सामाईक साधनांवरचे नियम जिथे पिढ्यानपिढ्या टिकले तिथे त्यांना काही समान गोष्टी दिसल्या. त्यातली एक म्हणजे खर्च आणि लाभ यांचा मेळ, ज्याला झळ बसते त्याच्या पदरात काही पडतंही. दुसरी, नियमाखाली येणाऱ्या माणसाला नियम बदलण्यात भाग घेता येतो. तुमच्या डोंगराला हे दोन निकष लावून बघा.

पण आपल्या मातीतलंही घ्या, आणि नुसतं वंदन म्हणून नको, मुद्द्यासाठी घ्या. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या स्थितीवर लिहिताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, जागोजाग ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी शेतात मुरवा. दुसरी, सरकारने जंगलखातं काढून डोंगर, टेकड्या, पडीक जमीन आणि गायरानं त्यात घातली, त्यामुळे गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना रानाचा वारा खायलासुद्धा जागा उरली नाही. पाणी अडवण्याची शिफारस आणि शेळीची तक्रार एकाच माणसाने, एकाच लिखाणात केली आहे. त्यांना हे दोन विषय वाटले नाहीत. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाणी किती आहे हा प्रश्नच नव्हता, ते पिण्याचा हक्क कुणाला आहे हा होता. मराठीत समाजशास्त्र करणाऱ्याला पाणी आणि न्याय यांची गाठ बाहेरून आणावी लागत नाही.

आता शाश्वततेची बाजू. इथे बहुतेक प्रबंध फसतात, कारण 'पाणीपातळी वाढली' हे वाक्य ते तपासत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात चांगला पाऊस झाला. आता २०१६ चा मे आणि २०१६ चा डिसेंबर शेजारी ठेवले तर कुठलीही योजना यशस्वी दिसेल. म्हणून तुलना करायची तर सारख्या पावसाची दोन वर्षं घ्या, आणि महिनाही तोच. विहिरींची मोजणी उन्हाळ्याच्या शेवटी झाली की पावसाळ्यानंतर, हे आधी विचारा. भूजल सर्वेक्षण विभागाच्या निरीक्षण विहिरी असतात, तुमच्या गावात किंवा शेजारी एखादी असेल तर तिच्या नोंदी मिळवा.

दुसरी गोष्ट खडकाची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेही थोडंच. मोठ्या गाळाच्या मैदानासारखा साठा इथे नाही. पाणलोटाने या थोड्या साठ्यात भर पडते. ती भर दिसली की कुणीतरी दुसरं पीक घेतो, मग कुणी फळबाग लावतो, मग कुणी ऊस. मग शेजाऱ्याची विहीर आटते, तो बोअर घेतो. २०० फुटांना लागलं नाही तर ४०० ला. राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर धरून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. ६० मीटर म्हणजे २०० फूटही नाही. तुमच्या तालुक्यात बोअर किती फुटांवर चाललेत ते बोअरच्या गाडीवाल्याला विचारा. त्यावर प्लास्टिक अंथरलेली शेततळी. नावावरून वाटतं पावसाचं पाणी साठतं, पण मी पाहिलेली बरीचशी हिवाळ्यात विहिरीतून मोटर लावून भरली जातात. म्हणजे जमिनीखालचं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर काढून एकाच्या बांधात बंद केलं, आणि उन्हात त्यातलं बरंचसं उडून गेलं. आणि शेततळ्याला अनुदान मिळवायचं तर आधी सातबारा, म्हणजे स्वतःच्या नावावर जमीन लागते.

एक काम मी प्रत्येक गावात करते, तुम्हीही करा: बोअरचा इतिहास लिहा. कुणी, कोणत्या साली, किती फूट, पाणी लागलं का, कर्ज किती झालं. दोन-तीन दिवस पारावर बसलात तर लोक स्वतःच भांडून भांडून तारखा बरोबर करतात. ही यादी सालांप्रमाणे लावली की गावातली विषमता आणि पाण्याचा उपसा एकाच कागदावर दिसतो. ज्याच्याकडे पैसा होता तो आधी खोल गेला, त्याच्यामागे बाकीचे कर्ज काढून गेले, आणि शेवटी गेलेल्यांना पाणी लागलं नाही.

इथे न्याय आणि टिकाऊपणा यांचा संबंध लागतो, पण तो जपून मांडा. सोपं विधान असं होईल: वाटप न्याय्य नसेल तर पाणी टिकत नाही. ज्यांना काही मिळालं नाही ते रात्री डोंगरावर शेळ्या सोडतात, ज्यांना सगळं मिळालं त्यांना उपसा थांबवायचं कारण नसतं, आणि नियम दोन्ही बाजूंनी सुटतो. मी अशी गावं पाहिली आहेत. पण अन्यायी व्यवस्थाही टिकतात, हे मी तितक्याच वेळा पाहिलंय. कडक सरपंच असेल, दंड वसूल होत असेल, भूमिहीनांना बोलायची सोय नसेल, तर डोंगर वर्षानुवर्षं हिरवा राहतो. म्हणून 'न्याय हवा, कारण त्याशिवाय विकास टिकत नाही' एवढ्यावर प्रबंध उभा करू नका. उद्या कुणी न्यायाशिवाय टिकलेलं गाव दाखवलं तर तुमचा पाया जाईल. न्याय हा स्वतःच प्रश्न आहे. तो टिकाऊपणाला मदत करतो का, हे वेगळं तपासायचं.

"पण भूमिहीनाला पाणी देणार कसं?" हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतील. याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात ५० वर्षांपूर्वी दिलं गेलंय. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथे पाणी जमिनीच्या हिशोबाने न देता माणसांच्या हिशोबाने दिलं: घरात माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तर हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. त्याने तो वाटा घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने करायची. हक्क हातात असला की वाटणीची बोलणी वेगळी होतात, कारण जमीनवाल्याकडे जमीन आहे आणि याच्याकडे पाणी. यातल्या बऱ्याच योजना पुढे टिकल्या नाहीत, का टिकल्या नाहीत हा तुमच्या पुढच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो. पण 'अशक्य' हा शब्द तिथून पुढे वापरता येत नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर गावकऱ्यांनी नदीतल्या वाळूच्या पैशातून बळीराजा धरण बांधलं, आणि दक्षिण महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांत भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी समन्यायी पाणीवाटपाची जी मागणी लावून धरली, तिच्यातही भूमिहीन घरांचा वाटा आहे. ही दोन उदाहरणं तुलनेसाठी पुरेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तोही वाचण्यासारखा अनुभव आहे. पण तिथलं जंगल वेगळं, समाज वेगळा. तुमच्या गावाशी सरळ तुलना करू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: उताराचे दोन नकाशे, डोंगराच्या नियमाचा शोध, ठरावाची तारीख, सारख्या पावसाची तुलना, बोअरचा इतिहास. एवढ्यावर तीन प्रकरणं होतात. चौथ्यात लाभाचा हिशोब मांडा, आणि तो उलटा जाण्याची तयारी ठेवा. कदाचित असं निघेल की दुसऱ्या पिकामुळे शेतमजुरीचे दिवस वाढले, बायकांचा रोज वाढला, पिण्याचं पाणी जवळ आलं. भूमिहीनांनाही हे लाभ होतात, मी मोजलेत. सगळ्यात चांगला मापक माझ्या मते कोयता आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, एक कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं एक जोडपं. पाणलोटाआधी गावातून किती कोयते जात होते आणि आता किती जातात? मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ पैसे, घेणारी घरं कमी झाली का? ती खरंच कमी झाली असतील तर तुमच्या घरच्या शेळ्यांचं दुःख खरं असूनही गावाने भूमिहीनांना काहीतरी दिलंय, हे तुम्हाला लिहावं लागेल. आणि कोयते तेवढेच असतील, तर पाणी नक्की कुणासाठी वाढलं हे त्या एका आकड्यात आलं.

एकतर्फीपणाचा आरोप. बागायतदाराच्या मुलाने त्याच गावावर प्रबंध केला असता तर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसता, ही गोष्ट मला फार खटकते. तरीही प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. पहिल्या प्रकरणातच लिहा की मी भूमिहीन घरातली आहे, आमच्या इतक्या शेळ्या होत्या, त्या अमुक साली विकल्या. हे लपवलंत तर दोष, उघड लिहिलंत तर ती माहिती. क्षेत्रकामाला जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा की काय सापडलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. तो कागद मार्गदर्शकांना द्या. आणि दोन धोके लक्षात ठेवा. खालच्या आळीत लोक तुमच्याशी मोकळं बोलणार नाहीत, तिथे वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला सोबत न्या आणि काही मुलाखती तिला घेऊ द्या. स्वतःच्या वस्तीत उलटं होतं: "तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे." तिथे 'मला माहीत नाही असं समजून सांगा' म्हणून बसावं लागतं, आणि ते अवघड जातं.

नावं बदला, पण तेवढ्याने भागत नाही. लहान गावात 'एक विधवा, दोन मुली, शिवणयंत्र' म्हटलं की ती कोण हे सगळ्यांना कळतं. कुणी सरपंचाविरुद्ध काही सांगितलं असेल तर ते कुणाच्याही ओळखीच्या खुणेशी जोडू नका. तुमचा प्रबंध ग्रंथालयात जाईल, पण ती बाई रेशन त्याच दुकानातून घेणार आहे. मी सुरुवातीच्या काळात यात एकदा चुकले. माझ्या अहवालातल्या एका उताऱ्यावरून एका मजुराला गावाने ओळखलं, आणि त्याला त्या हंगामात कुणी कामाला बोलावलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शीर्षकासाठी माझी सूचना: 'चराईबंदीचा भार आणि विहिरींचा लाभ: एका पाणलोट गावाचा समाजशास्त्रीय अभ्यास'. 'सामाजिक न्याय' आणि 'शाश्वत विकास' हे शब्द प्रस्तावनेत आणा, शीर्षकात नकोत. घरांची निवड करताना गावाच्या यादीतून चिठ्ठ्या काढू नका, त्यात वरच्या वस्तीची चार घरं येतील आणि तुमचा विषयच हरवेल. प्रत्येक वस्तीतून वेगळी निवड करा, आणि वरच्या वस्तीतली सगळी घरं घ्या.

आणि हे लगेच सुरू करा. विद्यापीठाचं वेळापत्रक क्षेत्रकामाला डिसेंबर-जानेवारी देतं, पण तेव्हा तुमच्या अभ्यासातली निम्मी माणसं फडात असतील आणि दारांना कुलपं दिसतील. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या लागतात. त्याआधी वरच्या वस्तीची घरटी यादी पूर्ण करा: जमीन, शेळ्या तेव्हा आणि आता, कोयते, उचल. कोण कुठल्या कारखान्याला चाललंय तेही लिहून घ्या आणि फोन नंबर ठेवा. खालच्या आळीतले लोक हिवाळाभर गावातच असतात, त्यांच्या मुलाखती नंतर झाल्या तरी चालतील.